ओस खोल्यांतील गारवा

मे महिन्यातील दुपार होती. बाहेर दिल्लीच्या रस्त्यावर लू वाहत होती, पारा ४३ अंशांपर्यंत चढला होता (या लेखातील सर्व अंश सेल्सिअसचे समजावेत), आणि आत, आमच्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, प्रस्तुत लेखिका खांद्यांवर शाल पांघरून भाषांतर करीत बसली होती. समोरच्या मेजावरील सहकारी बाईंनी स्वेटर घातला होता. त्यांच्यापलीकडे बसणाऱ्या गृहस्थांनी अखेरीस उठून खिडकीच उघडली, आणि बाहेरची तप्त हवा आत येऊ लागली तेव्हा आम्हा चौदा जणांना जरा बरे वाटले. वीज खर्चून थंड केलेली खोली ऊब यावी म्हणून उघडावी लागते, हा प्रकार मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या कचेरीत ज्याने काही वर्षे काढली आहेत त्याला नवा वाटणार नाही.

कारण शोधले तेव्हा ते क्षुल्लक निघाले. मजल्याचे तापमान मोजणारी पेटी एका खांबावर बसविलेली आहे. इमारत बांधली गेली तेव्हा तो खांब मोकळा होता. पुढे केव्हातरी छायाप्रती काढण्याचे यंत्र त्याच्या पायथ्याशी आणून ठेवण्यात आले. त्या यंत्राच्या पाठीमागून निघणारी गरम हवा दिवसभर पेटीवर जाते. पेटीची समजूत अशी होते की अख्खा मजला तापला आहे. ती अधिक गारवा मागते, आणि तिचे म्हणणे तत्काळ मान्य होते. तळघरातील ऑपरेटरला आम्ही बोलावले. तो भला माणूस लगेच वर आला आणि हातातील तक्ता दाखवून म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे तर तुमचा मजला सव्वीस अंशांवर दिसतो आहे. आणखी थंड करून देऊ का?” यात त्याचा काही दोष नव्हता. चौदा माणसे, एक सभागृह आणि दोन रिकाम्या खोल्या यांच्याविषयी त्याला जे काही कळत होते ते त्या एका आकड्यातून.

मला या लेखात जे म्हणावयाचे आहे ते त्या एकुलत्या एका आकड्याविषयी आहे. मोठ्या इमारतींतील उष्णता आणि गारवा यांचे नियमन करण्यासाठी आता बिनतारी संवेदकांची जाळी मिळू लागली आहेत. त्यांची जाहिरात ‘बुद्धिमान इमारत’ या नावाने होते. मला हे विशेषण पटत नाही. या जाळ्याचे खरे काम फार साधे आहे: प्रत्येक खोलीला जाऊन विचारावयाचे की, येथे कोणी आहे का, आणि असल्यास त्याला बरे वाटते आहे का? जे जाळे हे दोन प्रश्न विचारते ते घेण्याजोगे, आणि जे केवळ आकडे गोळा करून पडद्यावर रंगीत आलेख काढते ते कितीही स्वस्त असले तरी महाग.

हे दोन प्रश्न पूर्वी माणूस विचारीत असे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचे एक गाव आहे. तेथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक शिकवीत. त्या प्रदेशातील हिवाळा कडक. तळघरात भट्टी पेटलेली असे, आणि वर्गांत किती ऊब आहे हे पाहण्यासाठी शाळेचा कामगार वर्गावर्गातून हिंडून तापमान वाचीत असे. मग खाली जाऊन भट्टीच्या झडपा कमीजास्त करी. त्याच्या या येरझाऱ्यांनी शिकविण्यात व्यत्यय येई, आणि तो पुन्हा येईपर्यंत वर्ग एक तर गारठत किंवा उबून जात. जॉन्सन यांनी यावर युक्ती काढली. वर्गातील तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की विजेच्या तारेने तळघरात घंटा वाजावी, अशी रचना त्यांनी केली आणि १८८३ साली तिचे एकस्व मिळविले. दोन वर्षांनी मिलवॉकी शहरात त्यांची कंपनी उभी राहिली. इमारतींतील तापमान नियमनाच्या आजच्या उद्योगाचे मूळ जी मोजकी ठिकाणे सांगतात त्यांत एका शिक्षकाचा हा वर्ग आहे.

घंटेनंतर लवकरच कामगाराची गरज उरली नाही. झडपा आपोआप फिरू लागल्या. लाभ मोठा होता, परंतु एक गोष्ट हातची निसटली. कामगार वर्गात येई तेव्हा वर्ग भरलेला आहे की रिकामा हे त्याला दिसे. मुले कुडकुडत असली तर तेही दिसे. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला, म्हणजे तापनियामकाला, यांपैकी काहीच दिसत नाही. आपल्या अंगाला जी हवा लागते तिचे तापमान तेवढे त्याला कळते, मग ती हवा छायाप्रतीच्या यंत्रातून का येत असेना.

आता मध्यवर्ती वातानुकूलन चालते कसे हे थोडक्यात पाहू, म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल. तळघरात किंवा गच्चीवर पाणी थंड करणारी यंत्रे असतात. त्यांची शक्ती ‘टना’त मोजतात. हा टन बर्फाचा आहे: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल तितकी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॉट. बर्फाच्या लाद्यांचा काळ गेला, तरी माप मागे राहिले. थंड केलेले पाणी मजल्यामजल्यावरील यंत्रांत जाते. तेथे मोठा पंखा त्या थंड नळ्यांवरून हवा ढकलतो. ती हवा पत्र्याच्या चौकोनी वाटांनी, ज्यांना कारागीर डक्ट म्हणतात, छतातून खोल्याखोल्यांत पोहोचते. खोलीच्या तोंडाशी झडप असते. झडप किती उघडावी, पंखा किती वेगाने फिरावा, पाणी किती थंड असावे, हे सारे संवेदकांच्या सांगण्यावरून ठरते.

यांतील पंख्याची गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग पूर्ण वेगाच्या ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१२, निम्म्याच्या आसपास येते. अर्ध्या वेगाने फिरणाऱ्या पंख्याला मुळातील शक्तीचा आठवा हिस्सा पुरतो. प्रत्यक्षात यंत्रांच्या घर्षणादी कारणांनी इतका लाभ पदरात पडत नाही, पण रोख हाच. एवढ्यावरून कळून येईल की दहा खोल्यांपैकी चार रिकाम्या आहेत हे यंत्राला वेळीच कळले, त्या खोल्यांच्या झडपा आवळल्या गेल्या आणि पंखा मंद झाला, तर होणारी बचत किरकोळ नसते. माणसेही उष्णता देतात. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. चाळीस माणसांची सभा संपून मंडळी पांगली की सभागृहावरील भार एक टनाहून अधिक उतरतो. सभा उठली हे मात्र कोणीतरी तळघराला कळवावयास हवे.

मग प्रत्येक खोलीत दोन-चार संवेदक पूर्वीच का बसविले नाहीत? याचे उत्तर तारेत आहे. संवेदक स्वस्त झाले तरी त्याच्यापर्यंत तार नेणे स्वस्त होत नाही. भिंत फोडा, नळी बसवा, छताची तक्तपोशी उतरवा, पुन्हा रंग द्या, आणि हे सर्व कचेरी चालू असताना. चालू इमारतीत कित्येकदा संवेदकापेक्षा त्याच्या तारेचाच खर्च जास्त होतो. म्हणून मजल्याला एक पेटी बसवून काम भागविण्याची रीत पडली. शिवाय तारेने जखडलेला संवेदक जागचा हलत नाही. खोलीत नवी पडदी उभी राहिली, कपाटे इकडची तिकडे झाली, खांबापाशी यंत्र आले, तरी तो आपला तेथेच.

ही अडचण दूर करणारे काम गेल्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात झाले. तेथील क्रिस्टोफर पिस्टर यांनी ‘स्मार्ट डस्ट’, म्हणजे शहाणी धूळ, अशी कल्पना मांडली: मोजणारे, विचार करणारे आणि बिनतारी बोलणारे यंत्र धुळीच्या कणाएवढे करावयाचे. त्याच विद्यापीठात डेव्हिड कलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा लहान यंत्रांसाठी एक छोटी कार्यप्रणाली रचली. यंत्रे धुळीएवढी झाली नाहीत. बरीच वर्षे ती काड्यापेटीएवढीच राहिली. पण नाव मात्र राहिले. इंग्रजीत त्यांना ‘मोट’ म्हणतात, आणि या शब्दापाशी भाषांतरकाराला थांबावेच लागते. त्याचा अर्थ नुसता कण असा नाही. झरोक्यातून कवडसा पडला असता त्यात जे कण तरंगताना दिसतात, एरवी दिसत नाहीत, तो हा कण. आपल्याकडे त्याला ‘त्रसरेणू’ असा नेमका शब्द फार पूर्वीपासून आहे. तो मी एका पुस्तिकेत योजून पाहिला. संपादकांनी तो काढून ‘संवेदक’ घातला. विद्यार्थ्यांच्या सोयीच्या दृष्टीने ते योग्यच होते, आणि येथेही मी तोच वापरते आहे.

या यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या रीतीने बोलावे याचे एक सामाईक मानक २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात वेगाची हौस धरलेली नाही. सेकंदाला अडीच लाख अंशचिन्हे एवढीच त्याची गती, जी चलचित्रे पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटेल. परंतु खोलीचे तापमान कळविण्यास असे कितीसे शब्द लागतात? ज्याची खरी काटकसर करावयाची ती वीज. त्यासाठी संवेदक बहुतेक सर्व वेळ झोपलेला असतो. ठरल्या क्षणी जागा होतो, तापमान घेतो, शेजाऱ्याला सांगतो आणि पुन्हा झोपतो. शंभरातील एक भाग वेळही त्याचे बिनतारी यंत्र चालू नसते. म्हणूनच दोन पेन्सिल सेलवर तो काही वर्षे काढू शकतो. त्याचा आवाज दूरवर पोहोचत नाही, तेव्हा एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा निरोप हातोहात मुख्य ग्राहकयंत्रापर्यंत जातो. मध्ये कोणी लोखंडी कपाट आणून ठेवले आणि एक वाट बंद झाली, तर निरोप दुसरीने जातो. एका लहरीवर गोंगाट असेल तर सर्व मिळून ठरल्या क्रमाने दुसऱ्या लहरीवर उडी घेतात. जर्मनीत म्यूनिकजवळ २००१ साली निघालेल्या एका कंपनीने तर सेलही नको असलेली बटणे बनविली. बटण दाबताना बोटाने जे श्रम होतात त्यांतूनच निरोप पाठविण्यापुरती वीज ती निर्माण करतात.

जाता जाता एक आठवण देण्याचा मोह होतो. जॉन्सन यांची घंटा तारेने वाजली १८८३ मध्ये. त्यानंतर बाराच वर्षांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी विद्युत्‌लहरी भिंतींच्या पलीकडे पाठवून बिनतारी घंटा वाजवून दाखविली होती. या दोन घंटांची गाठ पडण्यास पुढे शंभर वर्षे लागली.

असो. आता पहिला प्रश्न घेऊ: खोलीत कोणी आहे का?

हा वाटतो तितका सोपा नाही. भिंतीवर बसविण्याचे जे सामान्य ओळखयंत्र मिळते ते शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपते. मनुष्य हलला नाही तर त्याच्या लेखी खोली रिकामी. ज्यांनी अशा यंत्रावर चालणारे दिवे असलेल्या वाचनगृहात पुस्तक वाचले आहे त्यांना याचा अनुभव असेल. कथानक रंगात आलेले असते, दिवा जातो, आणि मग हात वर करून आपण जिवंत असल्याची खूण यंत्राला पटवावी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संगणकशास्त्र विभागात २०१० साली यावर एक नामी उपाय करण्यात आला. हालचाल टिपणाऱ्या यंत्राच्या जोडीला दारावर एक चुंबकी खटका बसविला. दार बंद झाल्यावर आत हालचाल दिसली, याचा अर्थ आत कोणीतरी आहे, आणि दार पुन्हा उघडेपर्यंत तो तेथेच असणार, मग तो कितीही निश्चल बसो. ही जोडी बिनतारी असल्यामुळे जुन्या इमारतीत हळूहळू बसविता येते. तिच्या आधारे वातानुकूलनाच्या ऊर्जेत १० ते १५ टक्के बचत होऊ शकेल असा अंदाज त्या संशोधकांनी दिला. हा अंदाज होता, वीजदेयकातील आकडा नव्हे, हे येथे नमूद करावयास हवे. विक्रेते असे अंदाज सांगताना ‘अंदाज’ हा शब्द गाळतात.

याच वर्षी प्रसिद्ध झालेली दुसरी एक पाहणी मला अधिक महत्त्वाची वाटते. बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका येथील उष्ण, कोरड्या हवेतील काही व्यापारी इमारतींच्या वीजवापराची तपासणी करण्यात आली. कामाच्या वेळात ४४ टक्के वीज खर्च होत होती, आणि कामाची वेळ नसताना ५६ टक्के. अर्ध्याहून अधिक वीज कोणासाठी खर्च होत होती, तर कोणासाठीच नाही. संध्याकाळी जाताना दिवे आणि यंत्रे चालू ठेवण्याची माणसांची सवय आणि इमारतीची विभागणी व नियंत्रणे सदोष असणे, ही कारणे संशोधकांनी दिली. आपल्या शहरांतील कचेऱ्यांना हाच आकडा लागू पडेल असे मी म्हणत नाही. पण रात्री साडेनऊला एखाद्या उंच इमारतीवरून जाताना जे दिसते ते वाचकांनी आठवून पाहावे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे: आत जो कोणी आहे त्याला बरे वाटते का?

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ फांगर यांनी या विषयाला गणिताची शिस्त लावली. त्यांचा ग्रंथ १९७० साली निघाला. मनुष्याला ऊन किंवा गार वाटणे सहा गोष्टींवर अवलंबून असते असे त्यांनी धरले: हवेचे तापमान, सभोवतालच्या पृष्ठभागांकडून येणारी उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि चाललेले काम. भिंतीवरची पेटी या सहांपैकी एक मोजते; फार तर दोन. पश्चिमेच्या खिडकीशी बसलेल्या माणसाला काच तापून जे सोसावे लागते ते तिला कळत नाही. छताचा पंखा फिरू लागला की २७ अंशांची हवाही सुखाची वाटते, याचीही तिला वार्ता नसते. फांगर यांनी ज्या माणसांवर प्रयोग केले ती बहुतांशी अमेरिकेतील आणि डेन्मार्कमधील महाविद्यालयीन तरुण मंडळी होती. पुढे जगभरच्या कचेऱ्यांची तापमाने ठरविताना शरीरात निर्माण होणाऱ्या उष्णतेचा जो ठोकताळा वापरला गेला तो सरासरी पुरुषाचा होता. २०१५ साली नेदरलंड्समधील दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा ठोकताळा स्त्रियांच्या बाबतीत ३५ टक्क्यांपर्यंत चुकीचा ठरू शकतो. समोरच्या मेजावरच्या स्वेटरचे कोडे यामुळे थोडेबहुत उलगडते.

भारतापुरते बोलावयाचे तर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांचे काम सर्वांनी वाचावे असे आहे. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतील सोळा कार्यालयीन इमारतींत जाऊन त्यांनी तेथे काम करणाऱ्यांनाच विचारले; ६,३३० उत्तरे जमविली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ज्या इमारतींत खिडक्या आणि पंखे यांवरच काम चालते तेथील लोकांना ‘ना ऊन, ना गार’ वाटण्याचे तापमान ऋतूप्रमाणे १९.६ पासून २८.५ अंशांपर्यंत बदलत होते. बाहेरच्या हवेशी जुळवून घेण्याची आपल्या लोकांची तयारी परदेशी मानकांनी धरली होती त्याहून अधिक निघाली. हे कळण्यासाठी प्रथम कोणीतरी विचारावयास हवे होते, एवढाच मुद्दा.

सरकारनेही या दिशेने पावले टाकली आहेत. व्यापारी इमारतींनी २४-२५ अंश राखावेत असा सल्ला २०१८ साली देण्यात आला, आणि १ जानेवारी २०२० पासून खोल्यांत बसविण्याची तारांकित वातानुकूलन यंत्रे सुरू होताना २४ अंशांवर सुरू व्हावीत असा नियम झाला. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतन कृती आराखड्यात २०३७-३८ पर्यंत शीतनाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. पण २४ चा आकडा मोजणार कोठे? आमच्या मजल्यावर तो खांबावरच्या पेटीत मोजला तर माणसांच्या मेजाशी २१ भरतात. आदेशाचे अक्षरशः पालन होते आणि वीज वाया जाते.

म्हणून माझे मत असे की, जेथे माणूस बसतो तेथे, मेजाच्या उंचीवर, संवेदक असावा. आणि त्याच्या जोडीला त्या माणसाला ‘ऊन’, ‘गार’ आणि ‘ठीक’ एवढे सांगण्याची सोय असावी. ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे २०१२ च्या सुमारास असा मतदानाचा प्रयोग झाला आहे, आणि लोकांना विचारून तापमान ठरविल्याने वीज वाढण्याऐवजी वाचली. वातानुकूलनाचे अभियंते याविरुद्ध म्हणतात की माणसे लहरी असतात, एकाला गार हवे तर शेजाऱ्याला ऊन. आक्षेप खरा आहे. पण मजल्यावर एकच पेटी असली म्हणजे हा मतभेद मिटतो असे थोडेच आहे? तो फक्त तळघरापर्यंत पोहोचत नाही. अनेक ठिकाणी संवेदक असले तर निदान ऊन मागणाऱ्याला उबदार कोपरा दाखविता येतो.

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते, कारण या विषयावरील लेखनात त्याचा उल्लेख शेवटी, एखाद्या ओळीत उरकतात. सॅन डिएगोच्याच इमारतीत २०१३ साली आणखी एक प्रयोग झाला. वेगळे संवेदक न बसविता, लोकांच्या खिशातील दूरध्वनी वाय-फायच्या कोणत्या यंत्राशी जोडलेला आहे यावरून कोण कोठे आहे ते ओळखण्यात आले. इमारतीच्या २३ टक्के विभागांचेच नियंत्रण करून वातानुकूलनाची १७.८ टक्के वीज वाचली. आकडा आकर्षक आहे. परंतु दारावरच्या खटक्याला फक्त ‘कोणीतरी आहे’ एवढेच ठाऊक होते. या पद्धतीला ‘अमुक बाई आहेत’ हे ठाऊक असते. झडप उघडण्यास नावाची काय गरज? आज गारव्यासाठी साठविलेली माहिती उद्या हजेरीसाठी मागितली जाते, आणि कोण किती वेळ चहाला गेले याचा हिशेब निघतो. तसे एकदा झाले की लोक दूरध्वनी मेजावर ठेवून जाऊ लागतील, यंत्रावर रुमाल टाकतील, आणि मग माहितीही खोटी आणि गारवाही खोटा. जे जाळे खोली मोजते ते बसवावे. जे माणूस मोजते त्याला सार्वजनिक इमारतीत थारा देऊ नये. हीच गोष्ट बाहेरच्या चोरांची. २०१३ साली अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या पैशाच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर आत शिरले ते वातानुकूलनाचे काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या परवलीच्या शब्दाने. तापमानाचे जाळे आणि पैशाचे जाळे यांच्यामध्ये भिंत हवी.

आणि शेवटी सेल. दोन पेन्सिल सेल काही वर्षे टिकतात हे वर सांगितलेच. काही वर्षांनी ते संपतात हेही त्यातच आले. तीनशे संवेदक एकाच महिन्यात बसविले तर ते साधारण एकाच सुमारास मूक होऊ लागतात. तोवर कंत्राट संपलेले असते, बसविणारा अभियंता दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो, आणि कोणता संवेदक कोठे आहे हे दाखविणारा नकाशा कोणाच्या तरी संगणकात राहिलेला असतो. संवेदक मूक झाला की काही यंत्रणा त्याचा शेवटचा आकडा तसाच धरून चालतात. म्हणजे पुन्हा खांबावरची पेटी, फक्त छुपी. माझ्या मते निविदा काढताना संवेदकांच्या किंमतीच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: पाच वर्षे सेल बदलणाऱ्या आणि आकडे पडताळून पाहणाऱ्या माणसाचा पगार. हा रकाना कोरा ठेवून जाळे विकत घेण्यापेक्षा ते न घेतलेले बरे. त्या पगारात तोच माणूस रोज दोनदा मजल्यांवरून फिरून तापमापी वाचू शकेल, जसा व्हाइटवॉटरचा कामगार वाचीत असे.

शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांत मध्यवर्ती वातानुकूलन क्वचितच असते. असते ते संगणकाच्या खोलीत, हस्तलिखितांच्या दालनात, किंवा नव्या सभागृहात. तेथे या प्रयोगाची सुरुवात करण्यास जाळ्याचीही वाट पाहावयास नको. चार साध्या तापमापी घ्याव्यात: एक नियामकाच्या पेटीशी, एक खिडकीशी, एक दारापाशी आणि एक मधल्या बाकावर ठेवावी, आणि विद्यार्थ्यांनी आठवडाभर तासातासाला चारही वाचून, खोलीत किती जण आहेत तेही लिहून ठेवावे. चौघींचे एकमत झालेले मी अजून पाहिलेले नाही. हस्तलिखितांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी: त्यांना सुखापेक्षा स्थैर्य प्रिय असते. माणसे गेली म्हणून तेथील गारवा एकाएकी बंद केला तर आर्द्रता खालीवर होऊन कागदाची हानी होते. तेथे ‘कोणी आहे का’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘होय’ असेच धरावे.

आणखी एक माणूस या हिशेबात येत नाही. वातानुकूलन उष्णता नाहीशी करीत नाही. ती आतून उचलून, स्वतःची थोडी भर घालून, बाहेर टाकते. आमच्या इमारतीत ती टाकण्याचे पंखे फाटकाच्या बाजूस आहेत, आणि तेथेच पहारेकऱ्याची खुर्ची असते. दुपारी चार वाजता तिसऱ्या मजल्यावर आम्ही शाली पांघरतो तेव्हा आमच्या खोलीतली ऊब त्याच्या अंगावर जात असते. त्याच्या खुर्चीशी संवेदक बसविण्याची सूचना मी एकदा बैठकीत केली. ती विनोद म्हणून घेण्यात आली.

छायाप्रतीचे यंत्र हलविण्याविषयीचा आमचा अर्ज गेल्या पावसाळ्यापासून विचाराधीन आहे, कारण यंत्र एका विभागाकडे आहे आणि खांब दुसऱ्याकडे. दरम्यान मी माझ्या मेजावर एक तापमापी आणून ठेवली आहे. हे लिहीत असताना, दुपारी पावणेतीन वाजता, ती २१.५ दाखवीत आहे. ऑपरेटर आता आठवड्यातून एकदा वर येऊन ती पाहून जातो आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतो.